ताट, वाटी, चमचा माफ

आशाबाईंना देवानं डोळे दिले होते, आणि चांगले दिले होते. साठीच्या घरात आल्या तरी सुईत दोरा त्या स्वतःच ओवायच्या. पण त्या डोळ्यांवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. वस्तू हातात आल्याशिवाय ती आहे हेच त्यांना पटत नसे. तिवश्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना लांबून येताना पाहिलं की टमाट्यांची टोपली मागे सरकवायच्या. कापडाच्या दुकानात एक परकर घ्यायला गेल्या तरी अख्खं दुकान चिमटीत धरून यायच्या. लग्नाकार्यात तर विचारूच नका. समोरची बाई ओळखीची असो नसो, तिचा पदर आशाबाईंच्या बोटांत गेलाच म्हणून समजा.

आता दुसरीचा पदर चाचपून पाहणं हा आपल्याकडच्या बायकांचा हक्कच आहे, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण आशाबाई पदरावर थांबत नसत. सोफ्याचं कव्हर, दाराचे पडदे, दुसऱ्याच्या नातवाचे गाल, पाहुण्याच्या कोटाची बाही, काहीच सुटायचं नाही. बँकेतल्या साहेबाच्या टेबलावरची काच खरी की प्लास्टिकची, हे त्यांनी एकदा नखानं वाजवून पाहिलं होतं, आणि निकाल साहेबाला सांगितलाही होता. बरं, निकाल दर वेळी बरोबर यायचा असंही नाही. हातानं पारखून शुद्ध रेशीम म्हणून आणलेल्या साडीनं पहिल्याच धुण्यात सोबतचे सगळे कपडे गुलाबी करून ठेवले होते. ग्रामपंचायतीच्या दारावर ‘रंग ओला आहे’ अशी पाटी होती, तिथं हात लावून “हो, ओलाच हाय,” असं खात्रीनं सांगणाऱ्या त्याच, आणि पाच निळी बोटं घेऊन घरी येणाऱ्याही त्याच.

“डोये फसवतात, हात नाई फसवत,” हे मात्र त्या निळ्या बोटांनीच वर सांगायच्या. बोलणार कोण?

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण मागच्या दिवाळीनंतर अंकुरसाठी मुलगी पाहायला मंडळी शेंदूरजनाघाटला गेली, आणि हसू मावळलं. अंकुर म्हणजे आशाबाईंचा एकुलता एक. संत्र्याची बाग सांभाळणारा, शांत, तिशी ओलांडलेला. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं आज किती जड झालंय, ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. तरी ते स्थळ बरं होतं, बोलणी गोडीगुलाबीत चालली होती, मुलगी नमस्कार करायला वाकली. तिची लांबसडक वेणी पाहून आशाबाईंना राहवलं नाही. “काय केस हाय वं बाई,” म्हणत त्यांनी कौतुकानं वेणीवरून हात फिरवला, आणि वेणी हातात आली. गंगावन होतं. वेणी हातात धरून आशाबाई उभ्या, मुलगी आत पळालेली, आणि रामराव, म्हणजे आशाबाईंचे यजमान, छताचा पंखा किती पात्यांचा आहे ते मोजत बसलेले.

त्यामुळे यंदा अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा अंकुरनं आधीच आईला पकडलं. आणि हे स्थळ आलं म्हणणंही खोटंच. अंकुरनंच ते आणवलं होतं. अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात त्याची दामिनीशी ओळख झाली होती. तिच्या घरचा फुलांचा मळा, शेवंती, झेंडू, गुलाब. ही शिकलेली, आणि शेडनेटमधली सगळी रोपं हीच पाहायची. गुलाबाच्या कलमावरून सुरू झालेलं बोलणं पुढं फोनवर गेलं. पोरगं मोटर चालू करायला म्हणून बागेत जायचं आणि मोटर चालू न करताच हसत परत यायचं. आशाबाईंनी ते पाहिलं होतं. इतकं डोळ्यांनाही दिसतं.

“माय,” अंकुर म्हणाला, “तुले हात जोडतो. उद्या तिथं कायलेच हात नको लावजो.”

“मी काय मुद्दामून करते का रे?”

“मुद्दामून नाई करत, म्हनून तं भेव वाटते.”

“एवढीशी गोष्ट,” आशाबाई म्हणाल्या. “नाई लावत.”

पण रामरावांचा भरवसा नव्हता. ते म्हणाले, “असं नाई, अंकुरची माय. शपथ घ्या. तिकडे मोझरीकडे तोंड करून घ्या.” मोझरीच्या गुरुकुंजातल्या महाराजांची शपथ म्हणजे आशाबाईंच्या लेखी शेवटचा शब्द. ती त्यांनी आजवर मोडली नव्हती, कारण ती त्यांनी आजवर घेतलीच नव्हती. त्या उठल्या, मोझरीच्या दिशेनं हात जोडले, आणि घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत दुसऱ्याच्या वस्तूला आणि दुसऱ्याच्या माणसाला हात लावणार नाही, असं म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, “मंग खाचं कसं? पोहे तोंडानं उचलू का?” यावर बापलेकात थोडी चर्चा झाली, आणि ताट, वाटी, पेला, चमचा माफ करण्यात आला.

आता खरी गंमत अशी, की आईला असं बांधून टाकणाऱ्या या शहाण्यानं आपण आधी काय करून ठेवलंय, ते आईला सांगितलं नाही. त्याला स्वतःलाही ते आठवत नव्हतं. पुरुषांच्या डोक्यात एका कानाचं दुसऱ्या कानाला कळत नाही. असो, ते पुढं येईलच.

अकोल्याच्या बाहेर, बाभळीच्या कुंपणामागं दामिनीचं घर. नवीन बांधलेलं, पुढं ओटा, बाजूला मळा. दामिनीचे वडील सहदेव आणि आई बेबीताई दारात उभे होते. सहदेव बोलण्यात मऊ माणूस. घरात चालतं ते बेबीताईंचं, हे आशाबाईंनी चपला काढता काढता ओळखलं. बेबीताई हसून “या, या, ताई,” म्हणत पुढं झाल्या आणि आपल्याकडं बायका भेटल्यावर जसा हात हातात घेतात तसा त्यांनी हात पुढं केला. आशाबाईंनी दोन्ही हात पदराखाली ओढले आणि मान डोलावली. बेबीताईंचा हात क्षणभर तसाच राहिला, मग तो दाराची कडी ठीक करायला गेला.

बैठकीत बसल्यावर आशाबाईंची परीक्षा सुरू झाली. सोफ्याला कसलंसं नवीन कापड होतं, उलट्या अंगानं गडद आणि सुलट्या अंगानं फिकं दिसणारं. असल्या कापडावर बोटानं रेघ ओढता येते, हे आशाबाईंना माहीत होतं. त्यांची पहिली दोन बोटं आपोआप निघाली. त्यांनी ती डाव्या हातात पकडून ठेवली. असा स्वतःचाच हात स्वतःच्या हातात धरून बसायची वेळ त्यांच्यावर याआधी आली नव्हती. हा हात असा आहे होय, असं त्यांना वाटून गेलं. तळहाताला संत्र्याच्या काट्यांचे जुने घट्टे, बोटांची पेरं जाडसर, नखाजवळ भेगा. अख्ख्या जगाच्या मालाला नावं ठेवणारा हात हाच का, म्हणून त्यांनी तो पुन्हा पदराखाली घातला.

मग दामिनी आली. सावळी, उंच, चालण्यात घाई. नेसायला साधीच सुती साडी, रेशमी काठाची, पण कापड असं की डोळ्यांनीच मऊ लागावं. एवढ्या मोठ्या बैठकीत जागा काय कमी होती? पण पोरगी येऊन बसली ती थेट आशाबाईंच्या शेजारी, आणि बसताना तिचा पदर घसरून आशाबाईंच्या मांडीच्या कडेला आला. तो तिनं उचललाही नाही.

आशाबाईंनी त्या पदराकडं पाहिलं. पदर त्यांच्याकडं पाहत होता म्हटलं तरी चालेल. त्या जरा सरकून बसल्या.

पोरगी थोड्या वेळानं पुन्हा सरकली. पदरही सरकला. आशाबाई आणखी सरकल्या. असं करत करत त्या सोफ्याच्या पार टोकाला गेल्या, आणि समोर बसलेल्या बेबीताईंच्या तोंडावरचं हसू पार ओठांच्या टोकाला गेलं. अंकुर मात्र समोरून आईकडं पाहून डोळ्यांनी शाबासकी देत होता. त्याला वाटत होतं, आई काय मस्त निभावून नेऊन राहिली.

आलूपोहे आले, चमच्यानं खाऊन झाले. दामिनी उठून मळ्यात गेली आणि ताटभर फुलं घेऊन आली. पांढरी शेवंती, पिवळी शेवंती, आणि मधोमध कोंबड्याचं एक मोठं लालभडक फूल. हे फूल तुम्ही पाहिलं असेल. वरून कोंबड्याच्या तुऱ्यासारखं, आणि हात लावला की मखमल. निदान लहान मुलं तरी त्याला हात लावल्याशिवाय पुढं जात नाहीत. दामिनीनं ते ताट थेट आशाबाईंच्या पुढ्यात धरलं.

“काकू, आमच्या मळ्यातलं हाय,” ती म्हणाली. “पाहा नं.”

पदराखाली आशाबाईंची दहाही बोटं वळवळत होती. त्यांनी गुरुकुंजाची आठवण केली, गंगावनाची आठवण केली, आणि कशीबशी वाक्याला वाट दिली.

“लांबूनच छान दिसते,” त्या म्हणाल्या.

दामिनीनं ताट हळूच टेबलावर ठेवलं. तिची मान खाली गेली ती पुन्हा वर आली नाही. आशाबाईंना वाटलं, पोरगी लाजली. चांगलंच झालं, लाजरी आहे.

नमस्काराच्या वेळी दामिनी सगळ्यांच्या पाया पडली. रामरावांनी डोक्यावर हात ठेवून भरभरून आशीर्वाद दिला. आशाबाईंपुढं ती वाकली, आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली. कोणत्याही सासूनं अशा वेळी पाठीवरून हात फिरवावा, गालावरून बोटं ओवाळून ती कडाकडा मोडावी, इडापिडा घ्यावी. आशाबाईंनी पदर आणखी घट्ट केला आणि वरूनच म्हणाल्या, “सुखी राय.” सहदेवनं खाकरून पावसापाण्याचं काढलं, पण धाग्याला धागा लागेना.

निघताना बेबीताईंनी हळदीकुंकू आणलं. आशाबाईंना लावलं, आणि करंडा त्यांच्यापुढं धरला. आता आपल्याला लावलं की आपणही समोरच्या सवाष्णीला लावायचं, हे काय शिकवावं लागतं? शिवाय मुलीला लावायचं, म्हणजे निम्मा होकार तिथंच होतो. आशाबाईंचं कुंकवासाठी उचललेलं करंगळीजवळचं बोट करंड्याच्या तोंडाशी जाऊन थांबलं. दुसऱ्याच्या माणसाला हात लावणार नाही. ताट, वाटी, पेला, चमचा. यात कुंकू नव्हतं. त्यांनी हात मागं घेतला आणि बेबीताईंना नमस्कार केला.

बेबीताईंनी करंडा बंद केला. झाकणाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“मंग,” त्या रामरावांना म्हणाल्या, “आमी काय समजाचं?”

रामराव घाबरले. घाबरलेला माणूस तोंडपाठ असलेलंच बोलतो. “घरी जाऊन कळवतो,” ते म्हणाले. आता हे वाक्य म्हणजे काय, ते मुलीच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. घरी जाऊन आजवर कोणी काही कळवलेलं नाही.

“नका कळवू,” बेबीताई म्हणाल्या. “दिसते आमाले.”

आशाबाई ओट्यावर येऊन चपला घालायला लागल्या, आणि त्यांना चपलेत पाय घालता येईना. आपण तर काहीच केलं नाही. एवढं सांभाळलं, जन्मात कधी बसलो नाही असे हात बांधून बसलो, आणि तरी शेंदूरजनाघाटासारखंच झालं. तिथं हातात वेणी तरी होती. इथं रिकाम्या हातानं पोराचं लग्न मोडून निघालो. त्यांना स्वतःचा राग आला, आणि कशाबद्दल यायला हवा ते न कळल्यामुळं जास्तच आला. रामराव मान खाली घालून गाडीकडं गेले होते. अंकुर कुठं दिसेना.

तो ओट्याच्या कोपऱ्यापलीकडं, शेडनेटच्या तोंडाशी उभा होता, आणि त्याच्यासमोर दामिनी. आशाबाईंना ऐकायचं नव्हतं. म्हणजे, ऐकायचं होतंच, पण तसं दाखवायचं नव्हतं.

“खोटे बोलले तुमी माह्याशी,” दामिनी म्हणत होती. आवाज दाबलेला, नाक भरलेलं. “तुमीच तं सांगतलं होतं, आईले जे आवडते त्याले तिचा हात पयले जाते, तोंड मागून बोलते म्हनून. मी मुद्दाम ही साडी नेसली, घरातली सगळ्यात मऊ. पदर त्यायच्या मांडीवर टाकला. कोंबडा तोडून आनला. त्यायनं एक बोट नाई लावलं. माह्याकडे पाहूनच त्या बाजूले सरकून राहिल्या होत्या.”

अंकुरच्या डोक्यातल्या दोन्ही कानांची आता कुठं गाठ पडली होती. “अवं, ते मीच...” तो म्हणाला.

आशाबाईंनी चपला तिथंच टाकल्या. अनवाणीच त्या मातीतून कोपरा वळून गेल्या.

“हिले तू असं सांगतलं होतं?” त्यांनी अंकुरला विचारलं.

“हो, पन ते आधी...”

“आन् मले शपथ घालून आनली?”

आता अंकुरकडं पाहून कोणाला दया आली असती, पण तिथं तसं रिकामं कोणी नव्हतं.

“बाई,” आशाबाई दामिनीकडं वळल्या, “याच्या बापानं आन् यानं मले मोझरीकडे तोंड करून शपथ घ्याले लावली. तुमच्या घरात कायले हात लावाचा नाई म्हनून. तुया पदरानं मले केवढा तरास देला, तुले काय सांगू. त्या फुलाच्या वक्ती तं माहा जीव गेला होता.”

दामिनी त्यांच्याकडं बघतच राहिली. गालावर ओघळ तसेच. आवाजानं बेबीताई बाहेर आल्या होत्या, मागून सहदेवही. ओट्यावर उभं राहून दोघं ऐकत होते. बेबीताईंच्या चेहऱ्यावरचा कडकपणा जायचा की राहायचा ते ठरवत होता.

“मंग मोडा शपथ,” बेबीताईच म्हणाल्या.

आशाबाईंनी मोझरीच्या दिशेनं पाहिलं. निदान त्यांना जी दिशा वाटली त्या दिशेनं. “महाराज समजून घेतीन,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी पोरीचा चेहरा धरला. गाल गरम होते, ओले होते, आणि ओल्या पावडरीनं चिकट झाले होते. कानामागं केसांची बारीक लव घामानं चिकटली होती. जबडा थरथरत होता, तो हाताखाली हळूहळू थांबला. आशाबाईंनी बोटं ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर मोडली. इतकी मोडली की अंकुरनंही ऐकली.

“पावडर लय लावली वं तू,” त्या म्हणाल्या. “कावून लावली? चांगली तं हायेस.”

दामिनीला रडता रडता हसू आलं. बेबीताईंनी करंडा पुन्हा आणला. या वेळी आशाबाईंनी आधी त्यांना कुंकू लावलं, मग पोरीला लावलं, आणि ते इतकं लावलं की नाकावर सांडलं. “अंकुर,” त्या म्हणाल्या, “तुया बाबाले गाडीतून उतरव. मनाव, घरी जाऊन काई कळवाचं नाई. कळवून झालं.”

अंकुर पळाला. कुंकू लावून झालं तसा आशाबाईंनी हात मागं घेतला, पण तो मागं आला नाही. दामिनीनं तो धरून ठेवला होता. नुसता धरला नव्हता, ती तो पाहत होती. तिच्या अंगठ्याच्या पेराला गुलाबाच्या काट्यांनी बारीक खवले धरले होते, आणि तो अंगठा आशाबाईंच्या तळहातावरून, घट्ट्यांवरून, भेगांवरून सावकाश चालला होता. आशाबाईंना कोणी असं चाचपून पाहिलं नव्हतं. काय निकाल लागतो, म्हणून त्यांना चक्क भीती वाटली.

“काकू,” दामिनी म्हणाली, “तुमचा हात लय खरखरीत हाय.”

“हाय,” आशाबाई म्हणाल्या.

“मले आवडला.”

लग्नात भटजींनी सांगितलं म्हणून रामरावांनी हा हात धरला होता, त्यानंतर तो कोणी धरल्याचं आशाबाईंना आठवेना. घरच्यांनी तो आवरायला सांगितला होता, त्याला हसले होते, त्याच्यापुढं हात जोडले होते. हातात घेतला नव्हता कोणी. त्यांना एकाएकी भरून आलं, आणि ज्या बाईला सगळ्या गावानं बोलताना ऐकलं होतं ती बाई शेवंतीच्या वाफ्याशी उभी राहून गुपचूप रडली.

रामराव गाडीतून उतरून, काय झालं, काय झालं, करत आले. आशाबाईंनी डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले. उजवा हात पोरीकडं होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.